कलंदरी, व्हाया डोंबिवली

माझ्या उभ्या आयुष्यात मी एकूण अकरा महिने बोहेमियन होतो. साल 1984. त्या अकरा महिन्यांतून रविवार, सणवार, जून-डिसेंबरचं क्लोजिंग आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वजा केलं, तर निव्वळ बोहेमियन दिवस दोनशेच्या आतबाहेर भरतील. वेळ दुपारी सव्वादोन ते तीन. ठिकाण काळा घोडा, मुंबई. दोन वाजता फोर्टातल्या आमच्या बँकेचा काउंटर बंद व्हायचा आणि तीनला लेजर टॅली करायला बसावं लागायचं. मधल्या पाऊण तासात जितकं बेबंद होता येईल तितकं मी झालो.

हा निर्णय मी डोंबिवलीच्या एका खोली-स्वयंपाकघरात घेतला. कवितांची वही अठ्ठेचाळीस पानं भरली होती. कविता होत्या, पण कवी कुठे दिसत नव्हता. आरशात पाहिलं की बचत खात्याचा क्लार्कच दिसायचा. तेव्हा आधी झब्बा शिवला, मग शबनम पिशवी घेतली (तिच्यात डबा आडवा राहायचा आणि आमटी कवितांपर्यंत पोचायची), आणि शेवटी दाढी वाढवायला घेतली.

पाचव्या दिवशी आमच्या शाखेतले हेडकॅशियर माझ्या खुर्चीजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

"कोणी नाही. सहज."

"सहज कोण दाढी वाढवतं? मोकळेपणाने सांगा. क्रेडिट सोसायटीतून कर्ज मिळतं, दहाव्या-तेराव्याला उपयोगी पडतं."

आठव्या दिवशी साहेबांनी विचारलं, श्रावण पाळता का? तेव्हा फाल्गुन चालू होता. दहाव्या दिवशी युनियनचे दोघेजण थेट डोंबिवलीला घरी भेटायला आले. हिने चहा पुढे केला तर घेईनात. सुतकाच्या घरचा चहा कसा घ्यायचा? इतक्यात आतून माझे वडील पेपर घेऊन बाहेर आले. त्यांना बघून त्या दोघांचे चेहरे असे काही झाले की मला त्यांचंच सांत्वन करावं लागलं. ते गेल्यावर ही एवढंच म्हणाली, "अहो, वाढवायची तर वाढवा. पण बाबा धडधाकट असताना बरं दिसत नाही."

मराठी मध्यमवर्गाची ही पंचाईत आहे. आपल्याकडे दाढीला, विस्कटलेल्या केसांना आणि शून्यात बघण्याला ठरलेली कारणं आहेत, आणि कविता त्यांच्यात बसत नाही. 'बोहेमियन'ला कोशात कलंदर, अवलिया, फकीर, मनमौजी असे एकापेक्षा एक भरजरी शब्द सापडतात. पण हे शब्द माणूस वारल्यावर वापरायचे. फार तर पुरस्कार मिळाल्यावर. तोपर्यंत, आणि विशेषतः घरात, त्याच माणसाला उनाड, उडाणटप्पू आणि रिकामटेकडा हे शब्द राखून ठेवलेले असतात. माझ्या आईने तर शब्द वापरायचीही तसदी घेतली नाही. ती म्हणाली, "तुझ्या धाकट्या मामाचं असंच सुरू झालं होतं." धाकट्या मामाचं पुढे काय झालं ते आमच्या घरात कोणी सांगत नाही.

मुळात बोहेमिया हा आजच्या चेक देशातला एक भाग. तिथली माणसं काचेची भांडी आणि बिअर करणारी, कामसू. त्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. फ्रान्समध्ये भटके रोमा लोक आले, ते बोहेमियातून आले असावेत असं फ्रेंचांना वाटलं, म्हणून त्यांना ते बोहेमियन म्हणू लागले. मग पॅरिसचे भाडं थकवणारे चित्रकार आणि कवी त्या भटक्यांसारखेच राहतात म्हणून तेही बोहेमियन. 1851 मध्ये आँरी म्युर्जे नावाच्या लेखकाने त्यांच्या गोष्टींचं पुस्तक काढलं, 1896 मध्ये पुच्चिनीने त्यावर ऑपेरा केला आणि उपासमारीला एकदम प्रतिष्ठा आली. गंमत अशी, की हे रोमा लोक मूळचे आपल्याच बाजूचे, हजारएक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे चालत गेलेले. म्हणजे माल आपला, शिक्का बोहेमियाचा, पॅकिंग पॅरिसचं. आणि आम्ही तो काळ्या घोड्यावर इंपोर्टेड म्हणून घेत होतो. त्या काळी इंपोर्टेड म्हटलं की मनगटावरच्या घड्याळापासून दुःखापर्यंत सगळंच भारी वाटायचं.

आता काळा घोडा. मी तिथे बोहेमियन होतो तेव्हा तिथे काळा घोडा नव्हता. पूर्वी होता. 1875 साली इंग्लंडचे युवराज मुंबईला आले, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून या धनिकाने त्यांचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा करवून घेतला. बोहम नावाच्या शिल्पकाराने तो घडवला आणि 1879 मध्ये तो चौकात उभा राहिला. मुंबईकरांनी वर बसलेल्या भावी सम्राटाकडे पाहिलं, खालच्या घोड्याकडे पाहिलं आणि चौकाला घोड्याचं नाव दिलं. राजाकडे इतक्या सहज काणाडोळा केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पुढे 1965 मध्ये पुतळा तिथून हलवला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवला. आता राणीची बाग म्हणजे व्हिक्टोरिया राणीची, आणि घोड्यावरचा हा एडवर्ड तिचा थोरला मुलगा. म्हणजे रस्त्यावर उंडारणाऱ्या पोराला दंडाला धरून आईच्या ताब्यात दिलं, एवढंच झालं. नंतर बागेचं नाव जिजामातेचं झालं. आई बदलली, पोरगा तिथेच.

चौक मात्र काळा घोडाच राहिला. बसचा कंडक्टर 'काळा घोडा' असं ओरडायचा आणि माणसं बिनदिक्कत उतरायची. कोणी 'कुठाय घोडा?' असं विचारल्याचं मी ऐकलं नाही. बावन्न वर्षांनी, 2017 मध्ये, नवा काळा घोडा आला. त्याच्या पाठीवर कोणीच नाही. आधी घोडा आणि स्वार, मग दोघंही नाहीत, मग नुसता घोडा. अद्वैत समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण कुठल्या कीर्तनकाराला मिळणार नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती निराळीच. पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये कलावंत राहत. पिकासो तिथल्या एका गळक्या, पडीक इमारतीत 1904 पासून 1909 पर्यंत राहिला. उपाशी राहिला, गारठला, पण राहिला. काळ्या घोड्यात कोणीच राहत नव्हतं. राहणार कुठे? एका बाजूला म्युझियम, समोर एल्फिन्स्टन कॉलेज, शेजारी ससून लायब्ररी, पलीकडे वॉटसन हॉटेलची जुनी लोखंडी इमारत, जिथे 1896 च्या जुलैत ल्युमिए बंधूंची हलती चित्रं एक रुपया तिकिटात दाखवली आणि हिंदुस्थानात सिनेमा सुरू झाला. मी जायचो तेव्हा तिच्या खोल्याखोल्यांत वकील बसलेले असायचे. अशा ठिकाणी कवीला खोली कोण देणार?

तेव्हा आमचा बोहेमिया हा अप-डाऊनचा होता. सकाळी विरार, बोरिवली, ठाणे, कल्याण, अंबरनाथहून निघायचा आणि रात्री परत जायचा. मोंमार्त्रच्या बोहेमियनला अॅबसिंथ लागे, आमच्या बोहेमियनला सेकंड क्लासचा महिन्याचा पास. एकदाच मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर थांबलो होतो. पाचसहा जण जमलेले, त्यांतले तीन दाढीवाले. एकूण माणसाच्या असण्याला अर्थ आहे की नाही यावर चर्चा होती. साडेअकराच्या सुमाराला असं जवळजवळ ठरत आलं होतं की अर्थ नाही. तेवढ्यात कोणीतरी घड्याळ पाहिलं आणि म्हणालं, "शेवटची कर्जत!" त्यासरशी सगळ्यांच्या असण्याला असा काही अर्थ आला, की व्हीटीपर्यंतचं अंतर आम्ही बारा मिनिटांत कापलं. पुढे ज्यांनी निरर्थकतेवर दिवाळी अंकांतून लिहिलं, ते त्या रात्री सगळ्यांत पुढे धावत होते.

त्या चौकात खरोखर राहणारी माणसं होतीच. ती फुटपाथवर राहायची. त्यांच्याबरोबर कुत्री असायची आणि वर कावळे. आम्ही दाढीवाले त्यांना ओलांडून आत जायचो आणि आत जाऊन शोषितांबद्दल बोलायचो. हे सगळं नीट पाहिलं ते अरुण कोलटकरांनी. वेसाइड इन नावाच्या रेस्टॉरंटात बसून ते समोरचा रस्ता बघत. 2004 मध्ये 'काळा घोडा पोएम्स' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढलं आणि त्याच वर्षी कोलटकर गेले. त्या पुस्तकात वाहतूक बेटावर पहुडलेलं कुत्रं आहे, रस्ता झाडणाऱ्या बायका आहेत, सकाळी फुटपाथवर जमून इडली खाणारी माणसं आहेत. एका परिसराची ओळख कलावंतांचा परिसर अशी, आणि त्या परिसरावरच्या थोर पुस्तकात कलावंतांना जागा जवळजवळ नाही. मला हा आमच्या सगळ्यांवरचा अतिशय सभ्य शेरा वाटतो.

कोलटकरांचं मला त्या वेळी भलतंच आकर्षण. 'जेजुरी'ला राष्ट्रकुलाचं कवितेचं पारितोषिक मिळालेलं, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत सारख्याच ताकदीचा कवी, पुन्हा जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेला आर्ट डायरेक्टर. शिवाय ते घरी फोन ठेवत नाहीत अशी ख्याती. या शेवटच्या गोष्टीत मी त्यांच्या बरोबरीचा होतो. माझ्याही घरी फोन नव्हता. फरक इतकाच की त्यांना तो नको होता आणि मला तो मिळत नव्हता. अर्ज करून सात वर्षं झाली होती. दुरून बघणाऱ्याला दोघंही सारखेच निःसंग दिसले असते.

तर मी वेसाइड इनमध्ये त्यांच्या मागावर जाऊ लागलो. पहिल्याच खेपेला खिडकीशी लांब केसांचा, झुपकेदार मिशांचा, स्वतःशीच गढलेला एक माणूस दिसला. मी दुरून नमस्कार केला. त्याने मान हलवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्या आठवड्यात मी धीर करून जवळ गेलो, 'जेजुरी'बद्दल चार वाक्यं पाठ करून आणली होती ती म्हटली आणि शबनममधून वही काढली. त्या गृहस्थाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी कस्टममध्ये असतो. जेजुरीला आमचं कुलदैवत आहे, पण जाणं होत नाही." त्या काळी त्या चौकात लांब केस आणि झुपकेदार मिशा दर तिसऱ्या माणसाला असत. वही मात्र त्याने घेतली, दोन कविता वाचल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "इथे ऱ्हस्व हवं." माझ्या कवितेची आजवर झालेली एकमेव समीक्षा ती हीच. आणि खरंच ऱ्हस्व हवं होतं.

काळ्या घोड्यावरच्या कलेचं देऊळ म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरी. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने देणगी दिली, 1952 मध्ये ती उघडली. चित्रकाराला तिथे हॉल मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. माझ्या फोनचं आणि जहांगीरच्या हॉलचं एवढ्यापुरतं साम्य. प्रदर्शन मंगळवारी लागतं आणि पुढच्या सोमवारी उतरतं. त्या सात दिवसांत गॅलरीत जे घडतं ते पाहून मला कशाची आठवण होत होती ते बरेच दिवस ध्यानात येत नव्हतं. मग एकदा लक्षात आलं, की हा बघण्याचा कार्यक्रम आहे.

चित्रकार म्हणजे वधूपिता. इस्त्रीचा झब्बा घालून दाराशी उभा. येईल त्याला हात जोडतो, मग दोन पावलं मागे सरकून, आपलं लक्ष नाही असं दाखवत, पाहुण्याच्या चेहऱ्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहतो. भिंतीवर मुली ओळीने उभ्या. पाहुणे मान तिरकी करतात, जवळ जातात, लांब जातात, हळू आवाजात आपसात बोलतात. 'ही जरा सावळी वाटते.' 'उंचीला बरी आहे, पण आपल्या हॉलला चालेल का?' मग उंची-रुंदी विचारतात. मग मोठ्या संकोचाने अपेक्षा विचारतात. अपेक्षा ऐकल्यावर पुन्हा एकदा मान हलवून म्हणतात, "छान आहे. घरी विचारून कळवतो." आणि एखादीचं खरोखर जमलंच, तर तिच्या शेजारी एक लाल टिकली लावतात. हे मी पदरचं सांगत नाही, विकल्या गेलेल्या चित्राची खूण लाल टिकलीच असते. एकीला टिकली लागली की चित्रकाराच्या चेहऱ्यावर पहिलीचं लग्न ठरलेल्या बापाचं समाधान दिसतं आणि लगेच उरलेल्या एकोणीस जणींची काळजी.

जाताना अभिप्रायाची वही. आपल्या लोकांइतका या वहीला कोणी भीत नसेल. चित्रकार समोर उभा, पेन हातात, आणि डोक्यात एकच वाक्य: 'खूप सुंदर. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' सगळी वही याच वाक्याने भरलेली असते. मी एकदा वेगळं लिहायचं म्हणून 'रंगांची भाषा अंतर्मुख करते' असं लिहिलं. मागे चाळतो तर पाच पानांपूर्वी माझ्याच अक्षरात, दुसऱ्या चित्रकाराच्या वेळी नव्हे, याच चित्रकाराला, मंगळवारी हेच लिहिलेलं. मी शुक्रवारी पुन्हा आलो होतो, कारण बाहेर पाऊस होता.

सोमवारी संध्याकाळी हॉल रिकामा व्हायचा ते दृश्य मात्र बघवत नसे. चित्रं जुन्या चादरींत गुंडाळली जायची, सुतळी बांधली जायची, गावाकडून आलेले काका टेम्पोवाल्याशी घासाघीस करायचे. अशाच एका सोमवारी जहांगीरच्या पायऱ्यांवर माझी एका तरुण चित्रकाराशी ओळख झाली. सांगलीकडचा. कोणाच्या तरी प्रदर्शनाला मदतनीस म्हणून आलेला आणि परत न गेलेला. मी डबा उघडला, तो क्षितिजाकडे बघत होता. क्षितिज म्हणजे माझं थालीपीठ. मी अर्धं दिलं. दुसऱ्या दिवशी सव्वादोनला तो त्याच पायरीवर होता. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने ही म्हणाली, "हल्ली भूक वाढलीय तुमची," आणि दोन थालीपीठं जास्त घालू लागली. काळ्या घोड्याच्या कलेला ससून आणि जहांगीर या घराण्यांनी उदार आश्रय दिला, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. डोंबिवलीच्या आश्रयाची कुठे नोंद नाही म्हणून मी ती इथे करून ठेवतो. पाच महिने, दररोज दोन थालीपीठं, सोबत लसणाची चटणी.

तो मला चित्रकलेतलं सांगायचा, मी त्याला बँकेत खातं उघडून द्यायचं आश्वासन द्यायचो. प्रोग्रेसिव्ह ग्रुपबद्दल पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं. 1947 साली सहा जणांनी तो काढला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. सूझा गोव्यातल्या साळगावचे, जे. जे. मधून काढून टाकलेले. आरा आधी लोकांच्या घरी नोकर होते, मोटारी धूत असत. हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत. ते अनवाणी हिंडत याचं साऱ्या जगाला नवल. आम्हाला त्यात काही वाटलं नाही, कारण ते जन्माने पंढरपूरचे. यादीतली गाडे आणि बाकरे ही दोन नावं ऐकून मी सुखावलो. आपले दोघे आहेत! त्यावर तो म्हणाला, "होय, आणि सहांतली कमी ठाऊक असलेली नावं तीच." सदानंद बाकरे लंडनला जाऊन अनेक वर्षांनी परतले आणि कोकणात मुरूडला राहिले. जागतिक कीर्ती आणि कोकणातलं घर यांतून मराठी माणूस काय निवडेल हे काही सांगायला नको.

पाच महिन्यांनी त्याला गावाकडे शाळेत कलाशिक्षकाची नोकरी लागली. जाताना त्याने हिच्यासाठी म्हणून एक चित्र दिलं. काळ्या कागदावर मध्यभागी एक खडबडीत तांबूस गोल, त्याला मधे भोक. हिने पाहताक्षणी ओळखलं, थालीपीठ. माझ्या मते तो अस्तित्वाचा कोलमडता सूर्य होता. पुढे बऱ्याच वर्षांनी तो भेटला तेव्हा त्यालाच विचारलं. म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे." त्याच्या हाताखालून एलिमेंटरी-इंटरमिजिएटला शेकडो पोरं बसली. चित्र अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. पाहुणे विचारतात, कोणी काढलंय? ही सांगते, आमच्याकडे जेवायला असायचा त्याने.

जहांगीरच्याच पोटात समोवार होतं. 1964 मध्ये उषा खन्ना यांनी सुरू केलेलं, रेल्वेच्या डब्यासारखं लांबट आणि चिंचोळं, बाजूला म्युझियमची हिरवळ. लोकलमधून उतरून आलेल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटे ते त्या आकारामुळे असावं, असा माझा तर्क आहे. तिथला पुदिन्याचा चहा प्रसिद्ध. तो एक चहा पाऊण तास पुरवायची कला मी आत्मसात केली होती. पण शेजारच्या टेबलावर एक चहा तीन तास पुरवणारे सिद्धपुरुष बसलेले असत आणि कोणी त्यांना उठवत नसे. कलेला आश्रय म्हणतात तो हाच. ग्रँट नको, शिष्यवृत्ती नको, 'अजून काही घेणार?' हा प्रश्न कोणी विचारू नये, बस. समोवार 2015 च्या मार्चअखेर बंद झालं. त्याआधीच वेसाइड इन गेलं होतं. 2016 मध्ये कोपऱ्यावरचं ऱ्हिदम हाउसही गेलं, जिथे मी लंच टाइममध्ये उभ्याने कुमार गंधर्व ऐकले आणि 'पगार झाला की घेतो' असं सांगून अकरा महिने काढले. त्या दुकानाच्या जाण्यात माझा वाटा किती, याचा हिशेब मी मुद्दामच मांडलेला नाही.

माझं बोहेमियनपण संपलं ते डिसेंबरच्या क्लोजिंगला. प्रमोशनची परीक्षा पास झालो. मुलाखतीला दाढी काढून जा, असं हेडकॅशियरांनी बजावलं. काढली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं तर तेच पुढे येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चला, वर्ष सरलं. आता दुःखातून बाहेर या."

रिटायर झाल्यावर मी ससून लायब्ररीचा सभासद झालो. 1870 पासूनची दगडी वास्तू, वरच्या सज्जात लांब दांड्यांच्या आरामखुर्च्या. त्यांच्यावर दुपारी जी मंडळी पेपर तोंडावर घेऊन पडलेली असतात, त्यांच्याइतकी पोचलेली विरक्ती मी तरुणपणी एकाही दाढीवाल्यात पाहिली नाही. खाली चौकात काय वाट्टेल ते चालू असो. वर्षातून नऊ दिवस काळा घोडा फेस्टिव्हल असतो, 1999 पासून. त्या नऊ दिवसांत चौकात इतकी माणसं मावतात की कला बघायला जागा उरत नाही, तरी सगळ्यांच्या फोनमध्ये ती असते. यंदा हिला घेऊन गेलो होतो. तिने गर्दी पाहिली, सगळी दुकानं फिरली, एका पणतीची किंमत विचारून ती अलगद खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही रोज इथे यायचात?" मी हो म्हटलं. "आणि मला वाटायचं, तुम्ही कुठे जाऊन बसता कोण जाणे!" चाळीस वर्षं ती ते मनात ठेवून थालीपीठं लावत होती, हे मला त्या दिवशी कळलं. तिला बहिणीकडे दादरला जायचं होतं. तिला टॅक्सीत बसवून मी मागे राहिलो.

एका नव्या कॅफेत शिरलो. कॉफीच्या किमतीत आमच्या काळी पासासकट महिना निघाला असता. कोपऱ्यात एक पोरगा. दाढी, चुरगळलेला झब्बा, खांद्याला कापडी पिशवी. तिला आता टोट म्हणतात, पण शबनमच ती. समोर वही, कागदाची. एका कॉफीवर तो पावणेदोन तास बसला होता. हे मला ठाऊक, कारण मीही एका कॉफीवर तेवढाच बसलो होतो. वेटर दोनदा येऊन 'अजून काही?' म्हणून गेला. पोरगा लिहीत होता, खोडत होता, छताकडे बघत होता. मग त्याने फोनमध्ये वेळ पाहिली, वही मिटली आणि उठून पळत सुटला. ते पळणं मी लगेच ओळखलं. मीही उठलो. माझ्या गुडघ्यांनी केलं तेवढं सहकार्य त्यांनी गेल्या दहा वर्षांत केलेलं नाही.

गाडीत मला बसायला मिळालं. तो धापा टाकत आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि आमच्या बाकाच्या टोकाशी येऊन म्हणाला, "काका, जरा सरकता का?" आम्ही तिघे सरकलो. चौथ्या सीटवर तो अर्धा टेकला, अर्धा हवेत. मशीद बंदर गेलं. मी त्याच्या दाढीकडे पाहिलं, राहवलं नाही, खांद्यावर हात ठेवला.

"कोण गेलं?"

तो गोंधळला. "कोणी नाही, काका. सहज."

"लिहिता वाटतं?"

"थोडंफार." वही त्याने पिशवीत आणखी खोल सारली.

"डोंबिवली का?"

"बदलापूर."

आमच्या वेळी डोंबिवली पुरायची. मी खिडकीशी असलेल्या गृहस्थांना विनंती केली आणि आम्ही सगळे अजून थोडे सरकलो.